उशिरा आलेला बहर

खेळाचा हंगाम संपला म्हणजे खेळाडूंना विश्रांति मिळते. प्रेक्षकांना मात्र ती मिळत नाहीं. त्यांचा खेळ तेव्हांच सुरू होतो. कोणता संघ कां हरला, पंचाचा कोणता निर्णय चुकला, पुढल्या वर्षीं कोणास घ्यावें आणि कोणास वगळावें, या वादांना चहाच्या दुकानांत, कचेरीच्या मधल्या सुटींत आणि घरच्या ओट्यावर ऊत येतो. परंतु या सर्वांत एक वाद असा आहे कीं, तो दर चार-दोन वर्षांनीं नव्यानें उभा राहतो आणि कधींच मिटत नाहीं. ज्या खेळाडूविषयीं कोणाची फारशी अपेक्षा उरलेली नसते, ज्याचें वय उतरणीला लागलेलें असतें, ज्याचें नांव संघाच्या यादींत केवळ संवयीनें राहिलेलें असतें, तोच एखाद्या वर्षीं असा कांहीं बहरतो कीं, पाहणारांनीं तोंडांत बोट घालावें. मग प्रश्न निघतो : हा बहर खरा कीं काकतालीय?

सन २०२४-२५ च्या हंगामानें हा वाद एकाच वेळीं दोन खंडांत पेटविला. ज्या दोन खेळाडूंमुळें तो पेटला, त्यांचे जन्म अवघ्या एका दिवसाच्या अंतरानें झालेले आहेत. करुण नायर याचा जन्म ६ डिसेंबर १९९१ चा, जोधपूरचा. ख्रिस वूड याचा ७ डिसेंबर १९९१ चा, न्यूझीलंडमधील ऑकलंडचा. एक क्रिकेटचा फलंदाज, दुसरा फुटबॉलच्या आघाडीच्या फळींतला. एक त्या वर्षीं विदर्भातर्फें खेळत होता, दुसरा इंग्लंडांतील नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघातर्फें. दोघांनींहि वयाचीं ३३ वर्षें त्याच हंगामांत पूर्ण केलीं, आणि दोघांविषयींहि आदल्या दोन-तीन वर्षांत ‘याचे दिवस भरले’ असें बोललें गेलें होतें.

प्रथम वूड याची हकीकत घ्यावी. उंचापुरा, डोक्यानें चेंडू मारण्यांत निष्णात, परंतु पायांत विशेष वेग नसलेला असा हा गडी कोवळ्या वयांत इंग्लंडांत आला आणि कैक वर्षें या संघाकडून त्या संघाकडे उसना दिला जात राहिला. २०१६-१७ मध्यें दुसऱ्या श्रेणींत लीड्स संघातर्फें त्यानें २७ गोल केले आणि त्या श्रेणींत तो पहिला आला. पुढें बर्न्ली संघातर्फें वरिष्ठ श्रेणींत त्याचे चार हंगामांचे गोल अनुक्रमें १०, १०, १४ आणि १२ असे झाले. म्हणजे गडी भरंवशाचा, परंतु डोळे दिपविणारा नव्हे. जानेवारी २०२२ मध्यें न्यूकॅसल संघानें त्यास मोठी किंमत देऊन घेतलें, आणि तेथून उतरण लागली. त्या हंगामांत दोन्ही संघांकडून मिळून ५ गोल. पुढच्या हंगामांत अवघे ३. फॉरेस्टकडे तो आला तोहि प्रथम उसनवारीनेंच. तेथें २०२३-२४ मध्यें त्यानें १४ गोल केले, आणि २०२४-२५ मध्यें २०. आदल्या वर्षीं वीस संघांत सतरावा राहिलेला फॉरेस्ट त्या वर्षीं सातव्या स्थानीं चढला. १ फेब्रुवारी २०२५ रोजीं ब्रायटनवर मिळविलेल्या ७-० अशा विजयांत तीन गोल एकट्या वूडचे होते.

नायर याची हकीकत याहून अधिक चटका लावणारी आहे. डिसेंबर २०१६ मध्यें चेन्नईस इंग्लंडविरुद्ध, आपल्या तिसऱ्याच कसोटी सामन्यांत, त्यानें नाबाद ३०३ धावा काढल्या. वीरेंद्र सेहवाग याच्यानंतर कसोटींत त्रिशतक करणारा तो दुसराच भारतीय. असें असून लगेच पुढच्या कसोटींत त्यास जागा मिळाली नाहीं. नंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन सामने मिळाले; त्यांत चार डावांत मिळून ५४ धावा झाल्या, आणि मार्च २०१७ नंतर दार बंद झालें. कालांतरानें ज्या कर्नाटकांत तो वाढला त्या कर्नाटकाच्या संघांतहि त्यास जागा उरली नाहीं. २०२३ मध्यें तो विदर्भाकडे आला. चंद्रपूर आणि गडचिरोली धरून विदर्भाचे जे ११ जिल्हे आहेत, त्यांचा हा संघ. २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकाच्या एकदिवसीय सामन्यांत नायर यानें पांच डावांत ५४२ धावा काढल्या, तेव्हां कोठें तो पहिल्यांदा बाद झाला. एकंदर ८ डाव, ५ शतकें, ७७९ धावा, बाद फक्त दोनदां, सरासरी ३८९.५०. त्याच हंगामांत रणजी करंडकांत त्यानें ८६३ धावा केल्या. नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यांत त्याच्या धावा ८६ आणि १३५ अशा होत्या, आणि विदर्भानें करंडक तिसऱ्यांदा आपल्याकडे आणला.

अशा वेळीं वाद करणारांचे सामान्यतः तीन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, हें सोनें मुळांतच होतें. पारखी भेटला नव्हता इतकेंच. दुसरा म्हणतो, हें चार दिवसांचें चांदणें. पुढल्या वर्षीं गडी होता तेथेंच परत येईल. तिसरा पक्ष पोक्त मंडळींचा. तो म्हणतो, वय झालें म्हणजे समज येते, आणि समज आली म्हणजे खेळ सुधारतो. गंमत अशी कीं, तिन्ही पक्षांना आपापल्या बाजूचीं उदाहरणें हवीं तितकीं सांपडतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं. चूक मात्र तिघांचीहि एकच होते. ते एका हंगामाकडे पाहून निकाल देतात. त्या हंगामाच्या अलीकडचें आणि पलीकडचें पाहत नाहींत.

ही चूक समजून घेण्यास चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील एक साधी गोष्ट उपयोगी पडते. आलापल्ली आणि बल्लारशाह हीं नांवें सागवानामुळें देशभर ठाऊक झालेलीं आहेत. २०२३ मध्यें अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं लांकूड गेलें तें याच भागांतून. सागाचा ओंडका आडवा कापला म्हणजे त्याच्या तोंडावर एकांत एक अशीं वलयें दिसतात. उन्हाळ्यांत साग निष्पर्ण होतो आणि त्याची वाढ थांबते. पावसाळा लागला कीं ती पुन्हां सुरू होते, आणि आरंभीं बनणाऱ्या लांकडांत मोठमोठीं छिद्रें असतात. त्यामुळें एका वर्षाची वाढ कोठें संपली आणि दुसऱ्या वर्षाची कोठें सुरू झाली, हें नुसत्या डोळ्यांनींहि ओळखूं येतें. पुष्कळ बारीक वलयांनंतर मध्येंच एखादें रुंद वलय दिसलें म्हणजे नवख्या माणसास वाटतें कीं, या वर्षीं झाडाच्या अंगांत कांहीं विशेष संचारलें. रानाची माहिती असलेला माणूस तसें समजत नाहीं. रुंद वलयाचीं मुख्य कारणें दोन आणि तीं अगदीं निरनिराळीं आहेत, हें त्यास ठाऊक असतें. एक तर त्या वर्षीं पाऊस उत्तम झाला असेल. किंवा भोंवतालचीं झाडें काढून विरळणी झाली असेल, आणि आजवर छायेंत दबलेल्या झाडास ऊन, पाणी व मुळांपुरती जागा मिळाली असेल. पावसाचें वलय एकटें असतें. पुढल्या सामान्य वर्षीं वाढ पूर्वपदावर येते. विरळणीचें वलय एकटें नसतें. त्याच्यामागून आणखी कैक वलयें रुंदच येतात. म्हणून एका रुंद वलयावरून झाडाविषयीं कांहींच ठरत नाहीं. शेजारचीं वलयें मोजावीं लागतात.

खेळांतील पाऊस म्हणजे योगायोग. चेंडू खांबास लागून आंत जातो कीं बाहेर, झेल हातांत राहतो कीं सुटतो, पंचाचें बोट वर जातें कीं नाहीं, यांवर कोणाचाच ताबा नसतो. एखाद्या वर्षाचा आंकडा म्हणजे खेळाडूचें कसब आणि त्या वर्षींचा योगायोग या दोहोंची बेरीज होय. ही बेरीज ज्या वर्षीं सर्वांत मोठी भरली तें वर्ष वेंचून काढलें, तर त्यांत योगायोगाचा वांटा बहुधा अनुकूलच सांपडणार. कारण तो प्रतिकूल असता तर तें वर्ष वेंचलेंच गेलें नसतें. पुढल्या वर्षीं कसब तेवढेंच राहतें, योगायोग सामान्य होतो, आणि आंकडा खालीं येतो. प्रेक्षक म्हणतात, याच्या डोक्यांत हवा शिरली. वास्तविक कांहींच शिरलेलें नसतें. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८६ मध्यें आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीचीं मापें घेऊन हाच नियम दाखवून दिला होता. फार उंच आईबापांचीं मुलें उंच असतात, परंतु सरासरीनें आईबापांइतकीं उंच नसतात. टोंकाच्या मापामागून येणारें माप मध्याकडे सरकतें. हा नियम जसा उंचीला, तसाच गोलांना आणि धावांनाहि लागू पडतो.

पावसाच्या वलयाचें फुटबॉलमधील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इटलीचा साल्व्हातोरे स्किलाची. १९९० च्या विश्वचषक स्पर्धेपूर्वीं देशातर्फें तो एकच सामना खेळला होता. त्याचें वय २५ होतें, म्हणजे म्हातारा नव्हता. पण त्याजकडून कोणाची अपेक्षाहि नव्हती. त्या एका स्पर्धेंत त्यानें ६ गोल केले आणि सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. पुढें देशातर्फें साऱ्या आयुष्यांत त्याचा आणखी एकच गोल झाला. तो वाईट खेळाडू होता असा याचा अर्थ नव्हे. त्या उन्हाळ्यांत इटलींत पाऊस मात्र अलोट पडला होता.

हा पाऊस मोजण्याची एक रीत अलीकडे फुटबॉलमध्यें निघाली आहे. किती अंतरावरून, कोणत्या कोनांतून, पायानें कीं डोक्यानें मारलेल्या फटक्यांचे पूर्वीं शेंकडा किती गोल झाले, याचा हिशेब ठेवून प्रत्येक फटक्याची किंमत ठरवितात. पेनल्टीची किंमत सुमारें पाऊण गोल धरतात. हंगामांतील सर्व फटक्यांच्या किंमतींची बेरीज केली म्हणजे ‘अपेक्षित गोल’ निघतात. वूड याच्या २०२४-२५ च्या फटक्यांची बेरीज १३ च्या आसपास भरते. प्रत्यक्ष गोल झाले २०. या वाढाव्यांत नेमक्या फटक्याचें कसब नाहीं असें नाहीं, परंतु इतका वाढावा वर्षानुवर्षें टिकविणारे खेळाडू फार विरळा. नायर याच्या सरासरींतहि पाऊस आहे. सरासरी काढतांना धावांना बाद झाल्याच्या संख्येनें भागतात. ८ डावांपैकीं ६ डावांत तो नाबाद राहिला, म्हणून भाजक अवघा २ उरला आणि भागाकार आकाशाला भिडला. रणजीच्या अंतिम सामन्यांत १३५ धावा काढतांना त्याचा एक झेल सुटला होता, तोहि याच खात्यांत जमा केला पाहिजे.

एवढ्यावरून दुसऱ्या पक्षानें विजयाची पताका लावण्याचें कारण नाहीं. विरळणीचा विचार अद्याप व्हावयाचा आहे.

लेस्टर संघाचा जेमी व्हार्डी २०१२ पर्यंत मुख्य श्रेणींच्या बाहेरच्या लहान संघांत खेळे, आणि पूर्वीं कारखान्यांत कामहि करी. २०१४-१५ मध्यें वरिष्ठ श्रेणींत त्याचे ५ गोल झाले. पुढच्या वर्षीं, २९ वें वर्ष लागतां लागतां, त्याचे २४ गोल झाले. लागोपाठ ११ सामन्यांत गोल करण्याचा विक्रम झाला. आणि लेस्टरनें अजिंक्यपद मिळविलें. चांदणें चार दिवसांचें, असें तेव्हांहि पुष्कळांनीं म्हटलें. परंतु त्यानंतरच्या चार हंगामांतील त्याचे गोल पाहण्यासारखे आहेत : १३, २०, १८ आणि २३. शेवटच्या आंकड्यानें तो ३३ व्या वर्षीं त्या श्रेणींत सर्वाधिक गोल करणारा ठरला. पहिल्या वर्षींची घसरण गाल्टनच्या नियमाची. नंतरचीं तीन वलयें विरळणीचीं. बदललें होतें काय? लेस्टरचा संघ मागें हटून बचाव करी आणि चेंडू मिळतांच तो प्रतिपक्षाच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेंत धाडी. व्हार्डीचा वेग पूर्वींहि होता. त्या वेगास धांवण्याजोगी जागा आतां मिळाली.

महाराष्ट्रांतील उदाहरण प्रवीण तांबे याचें. मुंबईच्या क्लबांच्या आणि कंपन्यांच्या क्रिकेटमध्यें तो वर्षानुवर्षें खेळत होता. आरंभीं मध्यमगति गोलंदाज, मग लेगस्पिन टाकणारा. प्रथम श्रेणीचा एकहि सामना त्याच्या नांवावर नव्हता. २०१३ मध्यें, वयाच्या ४१ व्या वर्षीं, राजस्थान रॉयल्स या संघानें त्यास आयपीएलमध्यें उतरविलें. त्याच वर्षीं चॅम्पियन्स लीग स्पर्धेंत ५ सामन्यांत त्यानें १२ बळी घेतले. त्यानंतर मुंबईच्या रणजी संघाचें दार उघडलें. आणि २०१४ मध्यें कलकत्त्याच्या संघाविरुद्ध त्यानें हॅटट्रिक साधली. एकेचाळिसाव्या वर्षीं मनगटांत नवें कसब उगवत नसतें. तें कसब मैदानामैदानांतून फिरत होतें, मोजणारा नव्हता.

याच दृष्टीनें वूड आणि नायर यांचीं वलयें वाचलीं पाहिजेत. वूडचे गोल ओळीनें मांडले तर असे दिसतात : १०, १०, १४, १२, ५, ३, १४, २०. बर्न्लीचीं चार वलयें समोर ठेवलीं म्हणजे फॉरेस्टकडील १४ मध्यें नवल वाटण्याजोगें कांहीं राहत नाहीं. नवल आहे तें ५ आणि ३ चें. न्यूकॅसलनें दुसरा तरणाबांड आघाडीवाला आणल्यावर वूडला बांकावर बसावें लागलें. छायेंत उभ्या झाडाचीं तीं वलयें होत. फॉरेस्टचा संघ बचाव घट्ट ठेवून दोन्ही बाजूंच्या चपळ गड्यांकरवीं चेंडू पुढें नेई, आणि गोलाच्या तोंडाशीं हा उंच माणूस हजर असे. झाडास ऊन मिळालें. म्हणून १४ हें विरळणीचें वलय, आणि २० हें विरळणी व पाऊस या दोहोंचें मिळून.

नायर याचीहि गोष्ट तशीच. विदर्भानें त्यास फलंदाजीच्या क्रमांत नक्की जागा दिली. पहिल्याच वर्षीं, २०२३-२४ मध्यें, रणजींत त्याच्या ६९० धावा झाल्या आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. इंग्लंडांत नॉर्दम्प्टनशायर परगण्यातर्फें खेळतांना २०२४ मध्यें त्यानें ग्लॅमॉर्गनविरुद्ध नाबाद २०२ धावा काढल्या. म्हणजे ज्या हंगामानें लोक थक्क झाले त्याच्या आधींच वलयें रुंदावूं लागलीं होतीं. पाहणारांनीं ओंडक्याचें तोंड तेव्हां पाहिलें नव्हतें इतकेंच. विदर्भाच्या मातींत असें पूर्वींहि घडलें आहे. वसीम जाफर मुंबईहून विदर्भाकडे आला तेव्हां त्याची चाळिशी जवळ आली होती. मार्च २०१८ मध्यें इराणी करंडकाच्या सामन्यांत त्यानें २८६ धावा काढल्या, आणि २०१८-१९ च्या रणजी हंगामांत १०३७.

येथें एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. बाहेरून मोठें झाड आणून लाविलें म्हणजे त्याच्या छायेंत घरचीं रोपें खुरटणार नाहींत काय? चंद्रपूरच्या किंवा वणीच्या एखाद्या होतकरू मुलाची जागा पाहुण्यानें घेतली असें होणार नाहीं काय? होऊं शकतें. परंतु २०२४-२५ चा हिशेब तरी तसें सांगत नाहीं. त्या हंगामांत रणजींत सर्वांत अधिक, म्हणजे ९६०, धावा विदर्भाच्याच यश राठोड याच्या होत्या. हर्ष दुबे यानें ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामाचा नवा विक्रम केला. आणि अंतिम सामन्यांत नायरच्या जोडीनें खेळून १५३ धावा काढणारा दानिश मालेवार २१ वर्षांचा होता. पाहुणा आणि घरचे यांचें प्रमाण राखलें तर छाया आधाराचीहि ठरते.

आतां तिसऱ्या पक्षाकडे वळावें. वयानें समज येते हें खरें. कोणता चेंडू सोडावा, कोठें उभें राहावें, केव्हां धांवूं नये, हीं ज्ञानें पंचविशींत पुस्तकांतून मिळत नाहींत. परंतु वय सर्वांनाच येतें. तेवढेंच कारण असतें तर प्रत्येक खेळाडू ३३ व्या वर्षीं बहरला असता. खरी गोष्ट अशी कीं, वय कांहीं हिरावून नेतें आणि कांहीं देतें, आणि कोणाचें काय गेलें यावर सारा जमाखर्च अवलंबून असतो. ज्याचा खेळ केवळ वेगावर उभा, त्याचें भांडवल वय प्रथम उचलतें. वूडचा खेळ वेगावर कधींच उभा नव्हता. त्याच्यापाशीं वयानें नेण्यासारखें फारसें नव्हतें. फलंदाजांतहि तंत्राचा फलंदाज नजरेच्या फलंदाजापेक्षां अधिक टिकतो. वय हें बहराचें कारण नव्हे. फार तर बहराची परवानगी होय.

पुढें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. कारण वलयांचा हिशेब पुढल्या वलयावांचून पुरा होत नाहीं. जून २०२५ मध्यें लीड्स येथें नायर सव्वाआठ वर्षांनीं कसोटी खेळण्यास उतरला. त्या दौऱ्यांत ४ सामन्यांच्या ८ डावांत त्याच्या २०५ धावा झाल्या; अर्धशतक एकच, ओव्हलवरील ५७ धावांचें. वेस्ट इंडीजविरुद्धच्या पुढल्या मालिकेंत त्यास घेतलें नाहीं. दुसऱ्या पक्षास वाटलें, आपलें खरें झालें. परंतु त्यानंतर २०२५-२६ च्या रणजी हंगामांत कर्नाटकाकडे परत जाऊन त्यानें गोव्याविरुद्ध नाबाद १७४ आणि केरळविरुद्ध २३३ धावा काढल्या. म्हणजे देशांतील मैदानांवरचीं वलयें रुंदच राहिलीं. इंग्लंडच्या वेगळ्या मातींत, वेगळ्या हवेंत तीं तशीं उमटलीं नाहींत. एकाच माणसाविषयींचीं हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं असूं शकतात, हें वाद करणाराच्या ध्यानीं राहत नाहीं. वूडनें २०२५-२६ च्या पहिल्याच सामन्यांत दोन गोल केले. पुढें गुडघ्याच्या दुखापतीनें त्यास मैदानाबाहेर बसावें लागलें. दुखापत ही पाऊसहि नव्हे आणि विरळणीहि नव्हे. ती कुऱ्हाडीची जखम. तिच्यावरून आधींच्या वलयांचा अर्थ बदलत नाहीं.

हा सारा विचार प्रेक्षकांच्या करमणुकीपुरता असता तर एवढा खल करण्याचें कारण नव्हतें. परंतु ओट्यावर बसून जो निकाल दिला जातो, तोच निवड करणारांच्या खोलींतहि दिला जातो, आणि तेथें त्याची किंमत एखाद्या मुलास भरावी लागते. १९८५ मध्यें कॅनडांतील रॉजर बार्न्स्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं तेथील बर्फावरच्या हॉकीपटूंचे जन्ममहिने तपासले. वयोगट १ जानेवारीस मोजत असल्यामुळें वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांची वाण आढळली. कारण साधें होतें. दहाव्या वर्षीं दहा-अकरा महिन्यांचें अंतर म्हणजे उंचींत आणि बळांत ठळक अंतर. थोरल्यास गुणी म्हणून निवडलें. निवडलें म्हणून त्यास चांगलें शिक्षण मिळालें. आणि शिक्षण मिळाल्यामुळें तो खरोखरच गुणी झाला. धाकटा छायेंत राहिला. फुटबॉलमध्येंहि पुढें असेंच दिसून आलें आहे.

शहरांत जर दहा महिन्यांचा एवढा परिणाम होतो, तर रानाच्या जिल्ह्यांत काय होत असेल याची कल्पना करावी. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्यें चंद्रपुरांतून निराळा झाला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अजून रानाखालीं आहे. सिरोंच्याहून जिल्ह्याचें ठिकाणच २०० किलोमीटरांच्या आसपास. निवडचांचणी नागपुरास असली म्हणजे तेथील मुलास चौदाव्या वर्षीं तिची वार्ताहि पोंचणें कठीण. त्याच्या हातीं खरा चेंडू येतो तो सतराव्या-अठराव्या वर्षीं, आणि तेव्हां त्यास सांगतात, तुझें वय गेलें. उमेश यादव याच्या बाबतींत असें झालें नाहीं, हें विदर्भाचें भाग्य. नागपूर जिल्ह्यांतील कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुराचा हा मुलगा. एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत टेनिसच्या चेंडूनेंच खेळत होता. २००८ मध्यें तो विदर्भातर्फें रणजी खेळला, २०११ मध्यें कसोटी सामना खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला, आणि ५७ कसोटींत त्यानें १७० बळी घेतले. सोळाव्या वर्षीं कोणी त्यास तराजूंत घातलें असतें, तर तराजूंत घालण्यासारखें कांहीं सांपडलें नसतें.

तेव्हां उशिरा बहरलेल्या खेळाडूविषयीं वाद अवश्य करावा. तो खेळाचाच एक आनंद आहे. परंतु निकाल देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. याआधींचीं वलयें कशीं होतीं? या वर्षीं भोंवतालीं काय बदललें : संघ, जागा, काम कीं मोजणारा? आणि तो बदल पुढें टिकला काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यास थोडी मेहनत पडते. तिसऱ्यास थांबावें लागतें, आणि थांबणें हीच गोष्ट प्रेक्षकांना आणि निवड करणारांना सारखीच जड जाते. एका रुंद वलयावरून झाडास डोक्यावर घेणें हा दोष लहान आहे. त्यांत फार तर पुढल्या वर्षीं निराशा पदरीं येते. एका बारीक वलयावरून झाडावर तोडीची खूण करणें हा दोष मोठा. नायरच्या बाबतींत ५४ धावांच्या चार डावांवरून ती खूण झाली, आणि ती पुसण्यास आठ वर्षें गेलीं. त्याचें नांव मोठें होतें म्हणून ती पुसली तरी गेली. ज्यांचें नांव कोणास ठाऊकच नाहीं, त्यांच्यावरील खूण पुसावयास कोणी परत येत नाहीं.